तोकातच्या खारवलेल्या द्राक्षपानाला भौगोलिक मानांकन: नेमके जपले काय जाते?

ओझरची लेक:

नमस्कार. माझे माहेर निफाड तालुक्यात, ओझरजवळ. गेली सहा वर्षे मी श्टुटगार्टला राहते. आमच्या गल्लीच्या टोकाला एका तुर्की गृहस्थांचे वाणसामानाचे दुकान आहे आणि त्यांच्या फडताळात मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या द्राक्षाच्या पानांच्या बरण्या असतात. त्यांतल्या एका बरणीवर नुसते 'सलामुरा याप्राक' म्हणजे खारवलेले पान एवढेच लिहिलेले असते, तर दुसरीवर 'तोकात' हे गावाचे आणि 'नारिंजे' हे द्राक्षाच्या वाणाचे नाव असते. दुसरी बरणी पहिलीपेक्षा बरीच महाग आहे. मी कारण विचारले, तेव्हा दुकानदार म्हणाले, "पहिली रोजच्यासाठी, ही पाहुण्यांसाठी." त्यांनी असेही सांगितले की त्या भागातल्या पानाला सरकारी भौगोलिक चिन्ह, म्हणजे मानांकन, मिळालेले आहे.

द्राक्षाच्या गावात वाढूनही पानाला असा मान मिळतो हे मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे पान म्हणजे एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर फुटी विरळताना बांधावर पडणारा आणि शेळ्यांनी फस्त केलेला ढीग. नाशिकच्या द्राक्षाला मानांकन आहे हे माहीत आहे, पण ते फळाला आहे. खारवलेल्या पानाच्या बाबतीत नेमके कशाचे संरक्षण होते: वेलीचे, जमिनीचे, खारवण्याच्या पद्धतीचे, की केवळ नावाचे? पान तोडून, मिठात घालून, पिंपात भरून कुठेही पाठवता येत असेल, तर ते 'तिथलेच' आहे हे ठरवायचे कसे? माझ्या धाकट्या भावाला हे फोनवर सांगितल्यापासून तो आपल्याही बागेतल्या पानांच्या बरण्या भरायच्या म्हणतो आहे, त्यामुळे जाणकारांनी सविस्तर लिहिले तर त्यालाही वाचायला देता येईल.

पाटावरवंटा:

ताई, यजमानांच्या नोकरीमुळे मी चार वर्षे अंकारात होते आणि त्या काळात शेजारणींच्या ओट्यावर बसून मी शेकडो पाने गुंडाळली आहेत, म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूने लिहिते. कायद्याचे इथले जाणकार सांगतीलच.

तोकात हा तुर्कस्तानच्या उत्तरेकडचा, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यापासून डोंगरांच्या एका रांगेने तोडलेला प्रांत आहे. येशिलइर्माक ही तिथली मुख्य नदी, तिच्या नावाचा अर्थच हिरवी नदी. केल्कित ही तिची उपनदी तोकातमधल्याच एर्बा या तालुक्याच्या हद्दीत तिला मिळते. या दोन नद्यांची खोरी समुद्रकाठाइतकी दमट नाहीत आणि मध्य अनातोलियाच्या पठारासारखी रखरखीतही नाहीत. नारिंजे हा पांढऱ्या द्राक्षाचा वाण याच भागातला. तुर्की भाषेत 'नारिंजे' म्हणजे नाजूकसे, आणि हे नाव कुणी फळ पाहून दिले असेल असे मला कधी वाटले नाही, पान पाहूनच दिले असावे. त्या पानाच्या खाचा उथळ असतात, त्यामुळे पान जवळजवळ अखंड गोल दिसते आणि भाताचे सारण खाचेतून बाहेर पडत नाही. शिरा बारीक असतात, मागच्या बाजूची लव अगदी कमी असते आणि चवीला एक स्वच्छ आंबटपणा असतो. वेलीच्या पानात टार्टारिक आणि मॅलिक ही आम्ले मुळातच असतात, त्यामुळे हा आंबटपणा बरणीतल्या लिंबाचा नसतो.

ज्यांनी जाड शिरांचे पान एकदा खाल्ले आहे त्यांना फरक सांगावा लागत नाही. असे पान तास-दीड तास शिजवूनही दाताखाली दोऱ्यासारखे राहते, आणि लवदार पान जिभेवर फडक्यासारखे लागते. नारिंजेचे पान भाताबरोबरच मऊ होते आणि तरीही फाटत नाही. अळूवडीसाठी आपण काळ्या देठाचे, खाजरे नसलेले अळू हुडकतो आणि बाजारात पान उलटे करून शिरा पाहतो, तसेच तिथल्या बायका पान उजेडासमोर धरून पाहतात.

आता खारवणे. मे महिन्यात नवी फूट जोरात असताना तोडणी सुरू होते आणि फुटीच्या शेंड्याकडून तिसरे-चौथे पान घेतात. त्याच्या वरचे फार कोवळे असते, ते मिठात विरघळल्यासारखे होते, आणि खालचे राठ होते. म्हणजे एका फुटीवर एका वेळी घेण्याजोगी पाने मोजकीच असतात आणि त्याच वेलीवर पुन्हा पुन्हा फिरावे लागते. पाने एकावर एक, एकाच दिशेला देठ ठेवून रचतात, त्यांच्या गड्ड्या बांधतात, त्या पिंपात थराथराने लावतात, वरून मिठाचे पाणी भरतात आणि वर वजन ठेवतात. पुढचे काम जिवाणू करतात. लोणच्याच्या खारात जे आंबवण होते तेच इथेही होते, लॅक्टिक आम्ल तयार होते आणि पान टिकते. ताजे हिरवेगार पान काही आठवड्यांत ऑलिव्हसारखे पिवळट हिरवे होते, कारण आम्लामुळे पानातल्या हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निघून जातो. बरणीतले पान पोपटासारखे हिरवे दिसले तर मी ते घेत नाही. ते मुरलेले तरी नसते किंवा रंगवलेले तरी असते.

तोकातमध्ये हे पान केवळ भाताच्या सार्म्यासाठी, म्हणजे पानात सारण गुंडाळून शिजवलेल्या वळकट्यांसाठी, वापरत नाहीत. 'बात' नावाचा तिथला एक थंड पदार्थ आहे: अख्खे हिरवे मसूर, गव्हाचा बारीक रवा, अक्रोड, टोमॅटोचा दाट रस आणि पुष्कळ कोथिंबीर-पुदिन्यासारखा हिरवा पाला एकत्र कालवतात आणि खारवलेल्या पानाच्या तुकड्यात घेऊन घासागणिक गुंडाळून खातात. तिथे पान पोळीचे काम करते. सुका बाकला (एक कडधान्य) घालून केलेल्या डोलम्यासाठी, म्हणजे अशाच सारणाच्या पदार्थासाठीही तोच प्रांत ओळखला जातो. एका पानाभोवती इतके पदार्थ उभे राहिले की त्या पानाची पारख आपोआप कडक होत जाते, आणि मानांकनाच्या कागदात जे उतरते ते आधी या बायकांच्या बोटांत असते.

सनदी:

मी पुण्यात बौद्धिक संपदेची कामे पाहतो. मूळ प्रश्नाचा कायद्याचा भाग तेवढा सांगतो.

तुर्कस्तानात १९९५ पासून भौगोलिक चिन्हांना संरक्षण आहे आणि २०१७ च्या जानेवारीपासून ६७६९ क्रमांकाचा औद्योगिक संपदा कायदा लागू आहे. नोंदणी अंकारातल्या पेटंट आणि ट्रेडमार्क संस्थेकडे होते. एर्बाच्या नारिंजे वेलीच्या पानाचे नाव तिथे नोंदवलेले आहे. त्या कायद्यात दोन वर्ग आहेत आणि ताईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांतच दडलेले आहे. 'मेंशे आदी' म्हणजे उगमाचे नाव: इथे पिकवण्यापासून तयार करण्यापर्यंतची सगळी कामे ठरवलेल्या हद्दीतच व्हावी लागतात आणि मालाचा गुण त्या प्रदेशाच्या निसर्गातून व माणसांच्या कसबातून आलेला असावा लागतो. 'माह्रेच इशारेती' हा सैल वर्ग आहे, त्यात उत्पादनाचे किमान एक काम हद्दीत झाले आणि मालाची कीर्ती त्या जागेशी जोडलेली असली की पुरते. म्हणून पहिल्या वर्गात पान बाहेरून आणून आत खारवता येत नाही आणि आतले पान बाहेर नेऊन खारवताही येत नाही. कोणत्या वर्गाची नोंद आहे हे चिन्हावरच लिहिलेले असते, तेव्हा बरणी हातात घेतल्यावर आधी ते वाचावे.

संरक्षण वेलीला नसते. नारिंजेची काडी नेऊन कुणी दुसऱ्या प्रांतात लावली तर कायदा त्याला अडवत नाही, अडवतो ते त्या पानाच्या बरणीवर नोंदलेले नाव लावण्याला. त्या नावामागे एक तपशीलवार वर्णन दाखल केलेले असते, ज्यात हद्द, वाण, पानाची लक्षणे, तोडणीचा काळ आणि खारवण्याची पद्धत लिहिलेली असते, आणि त्या वर्णनाप्रमाणे माल निघतो आहे की नाही याची तपासणी करून अहवाल द्यावा लागतो. पिंपातले पान कुठून आले हे पान पाहून सिद्ध करणे अवघड असते, हा आपला संशय रास्त आहे. म्हणूनच अशा व्यवस्थेचा खरा कणा शेतकऱ्यांची नोंद, खरेदीच्या पावत्या आणि पिंपांवरचे क्रमांक हा असतो. कागद ढिले असतील तर मानांकनही ढिले.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ही नोंद ज्या देशात झाली त्या देशातच चालते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारात वाढीव संरक्षण आहे ते वाइन आणि मद्यांना, पानाला किंवा मिठाईला नाही. युरोपीय संघात नाव राखायचे तर तिथे वेगळी नोंदणी करावी लागते. आंतेप शहराचा बकलावा, म्हणजे पापुद्र्यांची मिठाई, २०१३ साली अशा रीतीने युरोपीय नोंदवहीत गेला आणि तो तिथे पोहोचलेला पहिला तुर्की पदार्थ ठरला. तेव्हा श्टुटगार्टच्या दुकानात आपण पिवळे-लाल किंवा पिवळे-निळे युरोपीय गोल चिन्ह आहे का ते वेगळे पाहावे. तुर्की चिन्ह आणि युरोपीय चिन्ह यांचा आधार निरनिराळ्या कायद्यांचा आहे.

द्राक्षमळा:

दिंडोरी तालुक्यात माझी चौदा एकर बाग आहे, निम्मी निर्यातीची. ताईंच्या भावासाठी लिहितो, कारण असा विचार माझ्याही मनात एकदा येऊन गेला आहे.

पहिली गोष्ट त्यांना आवडेल अशी. पानासाठी तुर्कस्तानात नारिंजेच एकटे वापरत नाहीत. एजियन समुद्राकडच्या मनिसा भागात सुल्तानी बिनबियांच्या द्राक्षाचे पानही मोठ्या प्रमाणावर खारवतात, आणि सुल्तानी म्हणजेच आपली थॉमसन सीडलेस. तासगाव तालुक्यातली तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका या दोन्ही थॉमसनमधूनच निवडलेल्या. त्यामुळे 'आपल्या वाणाचे पान खाण्याजोगे नाही' असे कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. नारिंजेपेक्षा त्याच्या खाचा जास्त खोल असतील, पण गुंडाळता येते.

अडचण पानात नाही, वेळापत्रकात आहे. तोकातची वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात एकदा फुटते आणि त्याच फुटीवर पान आणि घड दोन्ही येतात. आपली वेल झोपत नाही. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरमध्ये घडासाठीची गोडी छाटणी. एप्रिलनंतर जी फूट येते तिच्या डोळ्यांत मे-जून महिन्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते, म्हणजे पुढच्या वर्षीचा घड तेव्हाच काडीत ठरतो. त्यासाठी पानांनी केलेले अन्न आणि काडीवर पडणारे ऊन ही दोन्ही लागतात. म्हणून आम्ही काडीवर पंधरा-सोळा पाने राखून शेंडा मारतो. ज्या आठवड्यांत कोवळे, नितळ, गुंडाळण्याजोगे पान मिळते, नेमक्या त्याच आठवड्यांत ते तोडणे वेलीला सर्वांत महागात पडते. विरळणीत निघणारी पाने चालतील असे वाटते, पण ती विविध वयांची, चुरगळलेली, कोवळ्या फुटीसकट निघालेली असतात. त्यांतून तिसरे-चौथे पान वेगळे काढायला जी मजुरी लागेल, ती पाहता बरणी दुकानदाराच्या महाग बरणीपेक्षाही महाग पडेल. ऑक्टोबरनंतरच्या फुटीला हात लावायचा प्रश्नच नाही, तेव्हा घड पोसायचा असतो.

दुसरी अडचण याहून मोठी. आपण डाऊनी, भुरी, करपा या बुरशीजन्य रोगांसाठी ज्या फवारण्या करतो त्या पानावरच पडतात आणि पानाचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने प्रचंड असतो. फळासाठी काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाळून आपण अवशेष मर्यादेत आणतो, तसे पानाचे होत नाही. त्यात युरोपीय संघात द्राक्ष आणि द्राक्षाचे पान या अवशेषांच्या हिशेबाने दोन वेगळ्या वस्तू आहेत. फळावर ज्या औषधाला बरी मर्यादा आहे, त्याच औषधाला पानावर पुष्कळदा किलोला ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागू होते. हे संकट खुद्द तुर्कस्तानालाही चुकलेले नाही: युरोपीय संघाच्या २०१९ सालच्या १७९३ क्रमांकाच्या नियमात तुर्की द्राक्षपान कीडनाशक अवशेषांसाठी वाढीव तपासणीच्या यादीत आहे. आपल्याला २०१० चा हंगाम आठवत असेल. तेव्हा लिहोसीनच्या, म्हणजे क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या, अवशेषांवरून युरोपात गेलेली आपली द्राक्षे अडकली होती आणि कित्येकांची वर्षाची कमाई बंदरात बसली होती. फळाचे ते दुखणे निस्तरायला आम्हाला काही वर्षे लागली. पानाच्या वाटेला मी तरी स्वतःहून जाणार नाही.

आणि एक शंका जाणकारांना विचारतो. पान तोडले की फळाचे काय होते? त्या खोऱ्यात मानांकन पानाला मिळाले, पण नारिंजे हे तर वाइनचे द्राक्ष आहे ना?

पाटावरवंटा:

आपण बरोबर जागी बोट ठेवले. नारिंजेपासून तुर्कस्तानातली काही उत्तम पांढरी वाइन होते, तोकातमध्येच वाइन करणारे जुने घराणे आहे आणि मोठे कारखानेही या द्राक्षाच्या शोधात तिथे येतात. वाइन करणाऱ्यांची तक्रार नेहमी हीच असते की शेतकरी पानांसाठी वेल ओरबाडतात, मग उरलेल्या पानांवर घड धड पिकत नाही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर पानाचे पैसे मे-जूनमध्ये हातात येतात, उन्हाळाभर पुन्हा पुन्हा येतात, आणि द्राक्ष मात्र शरद ऋतूपर्यंत गारपीट, पाऊस, भुरी यांतून वाचले तरच येते. अशा वेळी माणूस पानच तोडणार. अनेक बागांत आता पान हे मुख्य पीक आणि द्राक्ष हे जोडपीक झाले आहे. काही जण पानासाठी आणि द्राक्षासाठी बागेचे वेगळे भाग राखतात, आणि मला तोच शहाणपणा वाटतो. पण वाइनवाल्यांचे म्हणणे निव्वळ स्वार्थाचे आहे असेही मी म्हणणार नाही. ज्या वाणाचे फळच कुणाला नको, त्याची जुनी बाग उपटल्यावर पुन्हा लावताना पानाला सर्वांत सोयीचा वाण लावला जाईल, आणि तो नारिंजेच असेल याची खात्री काय?

सनदी:

पाटावरवंटा ताईंच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. नोंदीच्या वर्णनात वाणाचे नाव असते तेव्हा दुसरा वाण लावणाऱ्याला ते नाव वापरता येत नाही, म्हणून मानांकनच नारिंजेला बागेत टिकवून धरते. द्राक्ष नको झाले तरी वेल हवी राहते. वाइनचे नुकसान होत असेल, वाणाचे होत नाही.

ताईंच्या भावासाठी भारतीय कायद्याचेही सांगतो, कारण 'नाशिकच्या द्राक्षाला मानांकन आहेच, मग पानालाही चालेल' असा समज मी यापूर्वी ऐकला आहे. आपला कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ च्या सप्टेंबरात, आणि नोंदवही चेन्नईला आहे. नोंद विशिष्ट मालासाठी होते. नाशिकचे द्राक्ष, नाशिक व्हॅलीची वाइन आणि सांगलीचा बेदाणा या तीन वेगळ्या नोंदी आहेत, जरी वेल एकाच जातकुळीची असली तरी. द्राक्षाच्या नोंदीच्या सावलीत पान येत नाही. शिवाय आपल्या कायद्यात तुर्कस्तानासारखे दोन वर्ग नाहीत, एकच व्याख्या आहे: मालाचा गुण, कीर्ती किंवा अन्य वैशिष्ट्य हे मुख्यतः त्या भूप्रदेशामुळे असले पाहिजे. अर्ज एकट्या शेतकऱ्याला करता येत नाही, उत्पादकांच्या संघाला किंवा त्यांचे हित पाहणाऱ्या संस्थेला करावा लागतो. नोंद १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावे लागते, आणि प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नाव नोंदवावे लागते. आपल्याकडे या शेवटच्या पायरीवरच गाडी अडते: मानांकनाचा सत्कार होतो, फोटो येतो, आणि वापरकर्त्यांची यादी मात्र बोटांवर मोजण्याइतकी राहते.

नाशिकच्या खारवलेल्या पानाला आज ना खाणारा आहे ना जुना बाजार. कीर्तीच नाही, तर राखायचे काय? तोकातच्या लोकांनी आधी पिढ्यान्‌पिढ्या पान खाल्ले, विकले, नकली माल निघाला, आणि मग अर्ज केला. क्रम तो आहे. भावाने बरण्या जरूर भराव्यात, पण त्यांवर मानांकनाचे शब्द छापू नयेत आणि 'तोकात पद्धतीचे' असेही लिहू नये. युरोपात माल पाठवताना अशा शब्दांवरून खटके उडतात.

ओझरची लेक:

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा दुकानात जाऊन दोन्ही बरण्या उलटसुलट करून पाहिल्या. स्वस्त बरणीच्या मागे बारीक अक्षरांत मनिसा असे लिहिलेले निघाले, म्हणजे द्राक्षमळा दादांनी सांगितलेली थॉमसनचीच बहीण मी गेली सहा वर्षे खात होते आणि मला पत्ता नव्हता. महाग बरणीवर तोकात आहे, नारिंजे आहे, पण सनदी यांनी सांगितलेले कोणतेच चिन्ह नाही, ना तुर्की, ना युरोपीय. दुकानदारांना विचारले तर ते थोडे नाराज झाले आणि म्हणाले की माल माझ्या मावसभावाच्या बागेतला आहे, त्याला कशाला चिन्ह हवे. आता यावर मी काय बोलणार?

भावाचा उत्साह द्राक्षमळा दादांचे उत्तर वाचून बराच उतरला. मात्र आमच्या परसात विहिरीजवळ आजोबांनी मांडवावर चढवलेली एक जुनी वेल आहे, तिच्यावर वर्षानुवर्षे कुणी फवारणी केलेली नाही. घरापुरती तिची पाने खारवता येतील का? प्रमाण काय घ्यावे?

द्राक्षमळा:

परसातल्या वेलीला माझी हरकत नाही, ती मांडवावर भरपूर वाढते. फक्त शेजारच्या बागेतला फवारा वाऱ्याने येत नाही ना, ते भावाला पाहायला सांगा. फवारणीचा ब्लोअर चालला की औषधाची धूळ बरीच लांब जाते.

पाटावरवंटा:

जरूर खारवावीत. पान तळहाताएवढे झाल्यावर, सकाळी ऊन चढायच्या आत, देठाला नख लावून तोडावे. मागची बाजू गालाला लावून पाहावी: टोचल्यासारखी किंवा लोकरीसारखी लागली तर ते सोडून द्यावे. पाने धुऊन, निथळून, वीस-वीसची गड्डी करून दोऱ्याने सैल बांधावी. एक लिटर पाण्याला ८० ते १०० ग्रॅम जाडे मीठ घ्यावे, आयोडीनचे नसले तर बरे. पाणी उकळून पूर्ण गार करावे. बरणीत गड्ड्या दाबून बसवाव्यात, पाणी वरपर्यंत भरावे आणि स्वच्छ दगड किंवा पाण्याने भरलेली छोटी काचेची वाटी वर ठेवून एकही पान पाण्याबाहेर राहू देऊ नये. पहिल्या आठवड्यात फेस येईल, झाकण रोज क्षणभर सैल करावे. वर पांढरी पातळ साय धरली तर चमच्याने काढून टाकावी, पण रंगीत बुरशी आली, पाने बुळबुळीत झाली किंवा वास बिघडला तर सगळी बरणी टाकून द्यावी. माझी पहिली बरणी अशीच गेली होती. मिठाच्या बाबतीत हात आखडला आणि अंकाराच्या जुलैमध्ये बरणी खिडकीत ठेवली, दोन्ही चुका माझ्याच. निफाडच्या मे महिन्यात तर बरणी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी आणि तीन-चार आठवड्यांनी पान पिवळट हिरवे झाले की फ्रिजमध्ये हलवावी.

वापरण्याआधी पाने गरम पाण्यात भिजवून, पाणी दोनदा बदलून खारटपणा काढावा, आणि सारणात मीठ घालायचे ते त्यानंतर एक पान चाखून मगच. गुंडाळताना शिरांची बाजू आत, गुळगुळीत बाजू बाहेर. पातेल्याच्या तळाला फाटकी पाने अंथरावीत आणि वर ताटली पालथी घालून शिजवावे, नाहीतर भात फुगला की सगळे सार्मे उलगडतात.

दुकानदारांच्या मावसभावाबद्दल: तुर्कस्तानात अर्धे पान अजून असेच घरोघरी जाते, प्लास्टिकच्या बाटल्यांत कोंबून, एसटीच्या टपावरून येतो तसे आंतरशहरी बसच्या पोटातून. ते खोटे असेलच असे नाही. ताईंनी त्या बरणीतले एक पान उजेडासमोर धरून खाचा पाहाव्यात.

ओझरची लेक:

धरले. खाचा उथळ आहेत, मागे लव जवळजवळ नाही. मनिसाचे पान शेजारी ठेवले तर ते सरळसरळ पाच बोटांच्या पंजासारखे दिसते. दोन्हींचे फोटो भावाला पाठवले आहेत आणि परसातल्या वेलीच्या पानाची मागची बाजू उन्हात धरून त्याने मला फोटो पाठवावा असे सांगितले आहे. तो आला की इथे टाकते.